वन्यप्राण्यांकडून होणारे नुकसान: भरपाईचा निधी उभारताना आधी काय ठरवावे

प्रश्न असा आहे: जंगलालगतच्या काही गावांनी एकत्र येऊन वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीसाठी स्वतःचा निधी उभारायचे ठरवले आहे. या निधीतून थेट भरपाई द्यावी, विमा काढावा की सगळा पैसा कुंपणांवर आणि गोठ्यांवर खर्च करावा? आणि खोट्या दाव्यांना आळा कसा घालावा?

मी पशुवैद्यक म्हणून या कामात आलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे असे दावे तपासणे आणि अशा योजनांचे नियम बसवणे हेच माझे काम राहिले आहे. माझे मत आधीच सांगतो. तिन्ही गोष्टी लागतात. परंतु भरपाईची रक्कम किती असावी यावर गावे जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्मा वेळ जरी त्यांनी खबर दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस लागतील या प्रश्नावर घालवला, तरी योजना टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मी बंद पडलेल्या ज्या योजना जवळून पाहिल्या, त्या बहुतेक रक्कम कमी होती म्हणून बंद पडल्या नाहीत. पैसे कधी मिळतील आणि मिळतील की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

भरपाई कशासाठी, हे नियमावलीच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे. वाघ, हत्ती, लांडगा किंवा हिमबिबट्या टिकला तर त्याचा आनंद आणि लाभ दूरदूरच्या लोकांना मिळतो. त्याचा भुर्दंड मात्र जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांना सोसावा लागतो. अनेक देशांच्या कायद्यांत मोकळा फिरणारा वन्यप्राणी कोणाच्याच मालकीचा मानला जात नाही, किंवा शासन त्याचे केवळ रक्षक मानले जाते. त्यामुळे दिलेली रक्कम ‘सानुग्रह मदत’ ठरते, आणि मदत म्हटली की ती उशिरा दिली, कमी दिली किंवा दिलीच नाही तरी जाब विचारण्याची सोय राहत नाही. नामिबियाने २००९ च्या राष्ट्रीय धोरणात ‘भरपाई’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळून ‘स्वावलंबन योजना’ असे नाव स्वीकारले. नावाला माझी हरकत नाही. नियमांत मुदत, दर आणि अपिलाचा मार्ग लिहिलेला असेल तर नाव काहीही चालते; तो लिहिलेला नसेल तर ‘हक्क’ हा शब्द वापरूनही शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

केनियाचा अनुभव निधी उभारणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवावा असा आहे. तेथे पिकांच्या आणि मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई १९८९ मध्ये बंद करण्यात आली, कारण व्यवस्थेत गैरप्रकार वाढले होते आणि ती चालवणे झेपेनासे झाले होते. पुढे २०१३ च्या वन्यजीव कायद्याने भरपाई पुन्हा आणली. मृत्यूसाठी ५० लाख शिलिंग आणि कायमच्या अपंगत्वासाठी ३० लाख शिलिंग अशा मोठ्या रकमा कायद्यातच लिहिल्या आणि दावे तपासण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या. हेतू चांगला होता, पण आश्वासनाच्या मानाने तरतूद तोकडी पडली आणि थकबाकीचा डोंगर उभा राहिला. म्हणून माझा आग्रह असतो की, वर्षाला जेवढा पैसा खात्रीने येणार आहे तेवढ्यावरच दर ठरवावेत. कमी दर वेळेवर मिळाला तर माणूस कुरकुर करील, पण पुढच्या वेळी पुन्हा खबर देईल. मोठा दर तीन वर्षे थकला तर तो खबर देणे सोडून विष घातलेले मढे रानात टाकण्याचा विचार करू लागतो, आणि त्या एका मढ्यावर गिधाडांपासून तरसांपर्यंत किती जीव मरतात हे या कामात असलेल्यांना सांगायला नको.

आता पुराव्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक भांडणे येथेच होतात.

जनावर मेलेले सापडले आणि ते अर्धवट खाल्लेले आहे, एवढ्यावरून ते वन्यप्राण्याने मारले असे म्हणता येत नाही. आजाराने किंवा सर्पदंशाने मेलेले जनावरही रात्रीतून खाल्ले जाते. तपासणाऱ्याने प्रथम मानेवरचे आणि गळ्यावरचे कातडे सोडवून आतली बाजू पाहावी. जिवंतपणी चावा बसला असेल तर सुळ्यांच्या खुणांभोवती कातड्याखाली रक्त साकळून गडद डाग पडलेले असतात. मेल्यानंतर दात लागले असतील तर भोके दिसतात, पण त्यांच्याभोवती रक्त साकळलेले नसते. बिबट्यासारखे मार्जारकुळातील प्राणी बहुधा गळा किंवा मान धरतात आणि खुणा थोड्या व नेमक्या असतात. कुत्र्यांच्या टोळीने मारलेल्या जनावरावर मागचे पाय, मांड्या, कान असे जागोजागी विस्कळीत चावे आढळतात. दोन सुळ्यांमधील अंतर मोजून छायाचित्र घ्यावे आणि त्यात मोजपट्टी ठेवावी. फरफटत नेल्याची खूण, पावलांचे ठसे आणि रक्त सांडलेली जागा या तिन्हींची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण एका पावसात यातले काहीच उरत नाही.

मला आजही आठवते ती एक शेळी. तिच्या मालकिणीने खबर पहिल्याच सकाळी दिली होती, पण आमच्या पथकाला पोहोचायला चौथा दिवस उजाडला. दुर्गंधी सुटू लागल्यामुळे शेजाऱ्यांनी धड पुरायला लावले होते. त्या बाईंनी मात्र मानेचे कातडे कापून, त्याला मीठ चोळून, ते गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवले होते. त्यांनी ते माझ्यासमोर जमिनीवर पसरले. आतल्या बाजूला चार गडद डाग होते, दोन वर आणि दोन खाली, आणि त्यांतील अंतर बिबट्याच्या जबड्याशी जुळत होते. इतका स्वच्छ पुरावा मला शेकडो पंचनाम्यांत क्वचितच मिळाला आहे. तरीही दावा फेटाळला गेला, कारण संपूर्ण मृतदेहाचे छायाचित्र असल्याशिवाय दावा ग्राह्य धरू नये असा त्या योजनेचा नियम होता. उशीर आमचा झाला होता आणि त्याची शिक्षा त्या बाईंना झाली. तेव्हापासून मी ज्या ज्या योजनेचे नियम लिहिण्यात सहभागी झालो, तेथे एक कलम घालतोच: खबर वेळेत दिली असेल आणि पथक ठरलेल्या मुदतीत पोहोचले नसेल, तर संशयाचा फायदा दावेदाराला मिळेल.

पिकांच्या बाबतीत कोणी खाल्ले हे ओळखणे तुलनेने सोपे आहे आणि किती खाल्ले हे ठरवणे अवघड आहे. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती रोप ओरबाडतात आणि देठाची कड चिंध्या झाल्यासारखी दिसते; ससा तिरका आणि स्वच्छ काप घेतो; रानडुक्कर जमीन उकरते; साळिंदराच्या दातांच्या रुंद खुणा खोडाच्या आणि कंदांच्या बुडाशी आढळतात; हत्ती जितके खातो त्याहून अधिक तुडवतो. नुकसान मोजण्यासाठी शेतात ठरावीक अंतराने एक मीटर चौकोनाचे नमुने टाकून त्यांतील शाबूत आणि मोडलेली ताटे मोजावीत. बांधावर उभे राहून ‘चार आणे गेले, आठ आणे गेले’ असा अंदाज बांधणे सोडून द्यावे. पिकाची अवस्थाही नोंदवली पाहिजे. कोवळे पीक कधी कधी पुन्हा फुटते, पण हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत गेले तर त्यामागचा सगळा खर्च आणि श्रम आधीच झालेले असतात. या दोन्हींना एकाच दराने मोजणे हा अन्याय आहे.

हे सर्व काटेकोरपणे केले तरी एक मर्यादा राहतेच, ती म्हणजे न सापडणारे नुकसान. अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ, झाडीच्या कुरणांत वासरांना रेडिओ पट्टे लावून केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की, लांडग्यांनी मारलेल्या सुमारे आठ वासरांपैकी एकच मालकाला सापडते. हा अभ्यास लहान होता आणि तो आकडा सपाट, मोकळ्या माळाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण त्यामागचा विचार वायोमिंग राज्याने नियमांतच आणला: ठरावीक दुर्गम भागांत एक सिद्ध घटना नोंदली गेली की भरपाई देताना ती लांडग्यांसाठी सातपटीपर्यंत आणि ग्रिझली अस्वलांसाठी साडेतीनपटीपर्यंत धरता येते. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने वेगळी वाट काढली. तेथे पूर्ण सिद्ध झालेल्या घटनेला पूर्ण आणि ‘संभाव्य’ ठरलेल्या घटनेला निम्मी भरपाई अशी पायरी आहे. आपल्या निधीसाठी मला ही दुसरी पद्धत अधिक योग्य वाटते. ‘सिद्ध’ आणि ‘फेटाळले’ या दोनच रकान्यांमध्ये तपासणाऱ्यावर विनाकारण दडपण येते, आणि प्रामाणिक पण पुरावा नसलेला माणूस खोटारड्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

याच्याही पलीकडे असे नुकसान आहे जे कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. पीक तयार होण्याच्या काळात घरातले कोणी ना कोणी रोज रात्री जागलीला जाते. त्या माणसाची झोप, दुसऱ्या दिवसाची मजुरी आणि कधी कधी मुलांची शाळा त्यात जाते. भेदरलेल्या कळपात गाभ गळणे, दूध आटणे, वजन न वाढणे हे पशुवैद्यक म्हणून मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. जंगलाकडची जमीन हळूहळू पडीक टाकली जाते आणि ती कोणाच्याच हिशेबात नसते. यातले सगळे पैशांत मोजून देणे शक्य नाही, हे मी मान्य करतो. परंतु दर ठरवताना बाजारभावाच्या निम्मीच रक्कम द्यावी असा मुद्दा कोणी मांडला, तर ही न मोजलेली बाजू त्याच्यापुढे ठेवली पाहिजे.

दावेदार कोण, हा प्रश्न बैठकीत बहुतेक उशिरा येतो आणि तो आधी यायला हवा. जमिनीचा उतारा ज्याच्या नावावर, त्यालाच पैसे, असा नियम केला की वाट्याने शेती करणारे, भटके मेंढपाळ, वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे पण कागद नसलेले आणि नवऱ्याच्या नावावरची जमीन एकटीने सांभाळणाऱ्या स्त्रिया हे सगळे एका फटक्यात बाहेर पडतात. नुकसान यांचेच सर्वांत जास्त होते, कारण जंगलाला चिकटलेली जमीन आणि दूरची कुरणे यांच्याच वाट्याला आलेली असतात. ज्याने पेरले आणि ज्याने राखले तो दावेदार, आणि त्याची ओळख गावातील दोन माणसांनी पटवावी, एवढे पुरेसे मानावे.

वेळेविषयी एक चांगला दाखला कर्नाटकातला आहे. बंदीपूर आणि नागरहोळे या व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरात २०१५ पासून ‘वाइल्ड सेवे’ हा उपक्रम चालतो. गावकऱ्याने निःशुल्क क्रमांकावर फोन करायचा. प्रशिक्षित कार्यकर्ता जागेवर येऊन छायाचित्रे आणि मोजमाप घेतो आणि शासनाकडे दावा दाखल करण्याची कागदपत्रे पूर्ण करून देतो. भरपाई शासनच देते. उपक्रम फक्त गावकरी आणि कार्यालय यांच्यातील अंतर कमी करतो. दोन मोसमांची मेहनत एका रात्रीत गेलेल्या माणसाला तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा खेटे घालावे लागले, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांतच भरपाई संपते, आणि पुढच्या वेळी तो दावाच करत नाही. असे दावे न झालेले गाव कागदावर ‘संघर्षमुक्त’ दिसते आणि तेथे निधी आणखी कमी होतो. आपला निधी लहान असेल तर केवळ या कामासाठी दोन माणसे नेमणे हासुद्धा त्याचा उत्तम उपयोग ठरेल.

खोटे दावे होतात का? होतात. म्हातारे किंवा आजारी जनावर रानात सोडून देणे आणि कुत्र्यांनी मारलेली शेळी लांडग्याच्या नावावर टाकणे हे प्रकार मी पाहिले आहेत. परंतु कागदपत्रे वाढवून ते थांबत नाहीत. कागद जमवणे लबाडाला अधिक चांगले जमते. ज्यात शेजाऱ्याचाही पैसा आहे अशा निधीत ते पुष्कळ कमी होतात. पाकिस्तानच्या बाल्टिस्तान भागात १९९९ मध्ये हिमबिबट्यांच्या हल्ल्यांसाठी सुरू झालेली पशुविमा योजना याच तत्त्वावर उभी आहे: हप्त्याचा एक भाग पशुपालक भरतात, उरलेला भार पर्यटनातून आणि देणग्यांतून येणारा पैसा उचलतो, आणि दावा खरा की खोटा हे गावाची समिती ठरवते. हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या किब्बर गावातही २००२ पासून गावकऱ्यांनी हप्ता भरून चालवलेला असाच विमा आहे. कोणाची गाय कोणत्या कड्यावरून घसरून मेली, हे शेजाऱ्याला कोणत्याही निरीक्षकापेक्षा आधी कळते.

मात्र विमा सगळीकडे चालत नाही, आणि येथे मी सावध राहण्याचा सल्ला देईन. जनावरे मोजता येतात, त्यांना बिल्ला लावता येतो आणि एका वर्षात सगळ्यांचीच जनावरे मरत नाहीत, म्हणून पशुविमा लहान गटातही तग धरतो. पिकांचे तसे नाही. हत्तींचा कळप एकदा खोऱ्यात शिरला की एकाच आठवड्यात निम्म्या गावाचे नुकसान होते आणि लहान निधी तेवढ्यावर रिकामा होतो. पिकांसाठी मोठ्या विमा व्यवस्थेचा किंवा शासनाचा आधार हवा. चीनच्या युन्नान प्रांतात हत्तींच्या नुकसानीसाठी शासनच विमा कंपनीला हप्ता भरते. गावांच्या निधीने पिकांचा संपूर्ण विमा स्वतःच्या अंगावर घेऊ नये.

भरपाई मिळते म्हणून लोक राखण करणे सोडतील, ही शंका अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षे मांडत आले आहेत आणि ती निराधार नाही. यावर उपाय म्हणून भरपाईला किमान काळजीची अट जोडली जाते. नामिबियात जनावरे रात्री गोठ्याबाहेर मोकळी ठेवली होती असे आढळल्यास मदत मिळत नाही. दक्षिण केनियातील म्बिरिकानी या मासाई पशुपालकांच्या भागात २००३ मध्ये सुरू झालेल्या निधीत गोठ्याचे कुंपण कच्चे असेल तर रक्कम कापली जाते, आणि कोणी सिंह मारला तर त्या परिसरातील सर्वांची देयके रोखली जातात. पहिली अट मी मनापासून स्वीकारतो, पण तिच्या आधी एक गोष्ट झाली पाहिजे: ज्याच्याकडे पक्का गोठा बांधण्याची ऐपत नाही, त्याला निधीने आधी जाळी आणि दार द्यावे आणि नंतरच अट लावावी. सामूहिक दंडाची अट मात्र मी आपल्याला सुचवणार नाही. ती तेथे चालली, कारण तेथील वडीलधाऱ्यांचे म्हणणे तरुण ऐकत होते; जेथे गावात दोन गट आहेत तेथे तीच अट एका गटाच्या हातातले हत्यार होते.

न सापडणाऱ्या नुकसानीवर स्वीडनने काढलेला तोडगा मला या क्षेत्रातील सर्वांत विचारपूर्वक वाटतो. तेथील सामी समाजाचे रेनडिअर अफाट माळरानांवर चरतात आणि मेलेले प्रत्येक जनावर शोधून दाखवणे अशक्य आहे. म्हणून १९९६ मध्ये निर्णय झाला की मेलेल्या रेनडिअरची मोजणी न करता, त्या समाजाच्या क्षेत्रात लिंक्स (मार्जारकुळातील एक शिकारी प्राणी) आणि वुल्व्हरिन (लहान अस्वलासारखा दिसणारा मांसभक्षी प्राणी) यांची पिल्ले किती ठिकाणी जन्मली हे पाहून पैसे द्यायचे. किती रेनडिअर मेले हे विचारायचे नाही. पिल्ले जन्मल्याच्या दर नोंदीमागे दोन लाख क्रोनर अशी रक्कम ठरली आणि वुल्व्हरिनची संख्या पुढील काळात सावरली. पुराव्याचे भांडण संपले, राखण सोडण्याचे कारण उरले नाही, कारण जनावर वाचवले तरी पैसे मिळतातच, आणि प्राण्याची मादी जिवंत राहण्यात गावाचा फायदा निर्माण झाला. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात पशुपालकांना त्यांच्या कुरणात लावलेल्या कॅमेऱ्यात जग्वारचे किंवा मार्जारकुळातील इतर वन्यप्राण्यांचे छायाचित्र आले की मोबदला मिळतो, तत्त्व तेच. अडचण एवढीच की यासाठी प्राण्यांची विश्वासार्ह गणना दरवर्षी व्हावी लागते, आणि पैसे समूहाला मिळत असल्याने ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याच्यापर्यंत ते पोहोचतात का हे पाहावे लागते.

कुंपणांबाबत थोडक्यात सांगतो. जंगलाच्या प्रशासकीय हद्दीवर लांबच लांब विद्युत कुंपण घालण्यापेक्षा गावाभोवती आणि पिकाच्या काळापुरते शेतांभोवती कुंपण घालणे अधिक टिकते, असा श्रीलंकेतील अनुभव आहे, कारण त्याची देखभाल करणाऱ्याचे स्वतःचे पीक आत असते. प्रवाह सौरयंत्रातून येणारा, क्षणिक झटक्याचाच असावा. मुख्य वीजवाहिनीचा तार सरळ कुंपणाला जोडण्याचा प्रकार कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. त्यात प्राण्यांबरोबर माणसेही मरतात.

माणसाचा मृत्यू किंवा गंभीर इजा हे प्रकरण या निधीत मिसळू नये. त्याची जबाबदारी शासनाचीच आहे आणि गावाचा निधी ती पेलूही शकत नाही. मात्र पहिल्या चोवीस तासांतील वाहन, उपचार आणि अंत्यविधी यांचा खर्च निधीने कोणतीही चौकशी न करता करावा, आणि पुढचा शासकीय दावा दाखल करण्यासाठी त्या कुटुंबासोबत एक माणूस शेवटपर्यंत राहावा. कमावता माणूस कायमचा जायबंदी झालेल्या घरांचे हाल मृत्यू झालेल्या घरांहून कधी कधी अधिक होतात, याची आठवण त्या माणसाने कार्यालयात पुन्हा पुन्हा करून द्यावी.

आपल्यापुढचा क्रम मी असा धरीन. पहिले वर्ष फक्त नोंदींचे: प्रत्येक घटना, जागा, वेळ, प्राणी, पिकाची अवस्था, गोठ्याची स्थिती. या वर्षात फक्त लहान जनावरांची भरपाई सुरू करावी, म्हणजे लोक खबर देऊ लागतील. नोंदी हाती आल्या की बहुतेक नुकसान थोड्याच शिवारांत आणि थोड्याच गोठ्यांत होत असल्याचे दिसेल. कुंपणाचा आणि जाळीचा पैसा तेथे आधी जावा. दुसऱ्या वर्षी हप्त्यावर आधारित पशुविमा सुरू करावा. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक गावात एक फळा लावावा, ज्यावर दाव्याचा क्रमांक, खबर मिळाल्याची तारीख, पथक पोहोचल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख, एवढ्या चार गोष्टी ठळक अक्षरांत लिहिलेल्या असतील आणि रिकामा राहिलेला रकाना येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसेल.